लांब जोड

मी बत्तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं. बाई, तुमचं इंग्रजी इतकं पक्कं कसं, कॉन्व्हेंटात होता का, असं कुणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेत असे. खरं सांगायचं तर मॅट्रिकला मी इंग्रजीतच आपटले होते. पुढे जे काही इंग्रजी मला आलं त्याची सुरुवात राजूरच्या कोळसा खाणीवर, कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये झाली, आणि मला ते शिकवणाऱ्या माणसाला सहीसुद्धा येत नव्हती. हे स्टाफरूममध्ये सांगितलं असतं तर बाईंची मस्करीची लहर आली म्हणून सगळे हसले असते. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे, कुणाच्या हसण्याची भीती राहिलेली नाही, म्हणून सांगून टाकते.

निमित्त झालं ते गेल्या महिन्यात. लोहाऱ्याला आमच्या गल्लीतली इंटरनेटची तार एका ट्रकनं तोडली. दोन दिवसांनी दोन तरुण पोरं आली, शिडी लावून त्यांनी ती तार खाली घेतली, तिच्या पोटातून केसाएवढी बारीक काच काढली आणि माझ्या ओट्यावर बसून एका छोट्या यंत्रात तिची दोन टोकं समोरासमोर ठेवली. मला उचापती फार. मी विचारलं, "काय करून राह्यले रे बाबू?" त्यातल्या एकानं मान वर न करता सांगितलं, "स्प्लाइस करून राह्यलो, आजी." मी तिथेच पायरीवर बसले. पुस्तकात हा शब्द मी अनेकदा वाचला, कधी फिल्मच्या जोडाबद्दल, कधी शास्त्रज्ञांच्या कसल्या तरी बारीक कापाकापीबद्दल. पण कामाच्या माणसाच्या तोंडून, कामाचा शब्द म्हणून, तो मी पन्नास वर्षांनी ऐकत होते. याआधी तो ऐकला होता माझ्या बाबांच्या तोंडून.

बाबा खाणीवर दोर जोडायचे. आमच्या खाणीत कोळशाचे टब रुळांवरून वर खेचून आणायला बोटापेक्षा जाड असा तारेचा दोर होता. तो खाणीच्या तोंडापासून आत खोलपर्यंत जाऊन परत यायचा आणि दिवसरात्र फिरत राहायचा. त्याला सुरुवात नव्हती की शेवट नव्हता, कारण त्याची दोन टोकं एकमेकांत गुंफून टाकलेली असत. ते गुंफणं म्हणजे स्प्लाइस. दोर झिजला, कुठे तारा तुटल्या, की तेवढा तुकडा कापायचा आणि पुन्हा जोडायचा. गाठ चालत नाही, कारण गाठ चाकावरून जात नाही. जोड असा हवा की दोराला स्वतःलाही कळू नये तो कुठे आहे. हे काम राजूरात फक्त बाबांना येत होतं. पण कागदोपत्री ते साधे हेल्परच होते, कारण ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते गफूर उस्ताद निवृत्त झाल्यावर ती जागा कुणी भरलीच नव्हती.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटे भोंगा व्हायचा, मग दारादारांतून कोळशाच्या शेगड्या बाहेर यायच्या आणि सगळी कॉलनी धुरात बुडायची. दूरवर टबांची खडखड चालू असायची. ती थांबली की मायचा हात भाकरीवर थांबायचा. "दोर थांबला वाटते," ती म्हणायची. पुन्हा खडखड सुरू झाली की भाकर पुन्हा फिरू लागायची. बाबा पहिल्या पाळीहून चारला येत. दारातच माय त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, छातीतली कोळशाची धूळ गुळानं उतरते म्हणून. मग न्हाणीत बसून ते राखेनं हात घासायचे, तरी नखांतलं ग्रीस कधी निघालं नाही. आमच्याकडे चून-भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी आलटून पालटून असायची, आणि मी खरंच सांगते, त्या सगळ्याला किंचित ग्रीसचा वास यायचा.

मायची एकच तक्रार होती, आणि ती रास्त होती. बाबा तिची जुनी लुगडी पळवायचे. दोर सहा पदरांचा असतो आणि त्याच्या पोटात सुताचा गाभा असतो. जोडाच्या जागी तो गाभा काढून तिथे पदराचं टोक आत खुपसायचं. पण टोक गाभ्यापेक्षा बारीक, ते आत सैल राहतं आणि एखाद दिवशी निसटतं. म्हणून त्याला चिंधी गुंडाळायची, गाभ्याइतकं जाड करायचं आणि मग आत बसवायचं. चिंधी हवी सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. तेव्हा कॉलनीतल्या बाया जुनं लुगडं बोहारणीला देऊन भांडं घ्यायच्या. माय म्हणायची, "साऱ्यायच्या घरी जर्मनचे गंज आले. माही लुगडी गेली खानीत."

मी नापास झाले त्याच पावसाळ्यात कार्यालयात कागद आला. दोर जोडणाऱ्याची जागा भरायची होती. नागपूरहून साहेब येणार, परीक्षा घेणार, हातकाम बघणार आणि तोंडी प्रश्नही विचारणार. पास झाला तर जागा पक्की. नाही झाला तर बाहेरून शिकलेला माणूस येईल आणि बाबांना भराईवर पाठवतील. भराई म्हणजे खाली फावड्यानं टब भरायचे. बाबांची पन्नाशी जवळ आलेली, उजव्या गुडघ्यात टबाचा मार बसलेला, छातीत धूळ. भराईवर गेले तर दोन वर्षं काढतील की नाही, हे मायनं बोलून दाखवलं नाही, पण त्या रात्री तिनं वरणाला फोडणी दिली नाही, हे मला आठवतं.

टाइम ऑफिसमधले कुळकर्णीबाबू भला माणूस. ते आमच्याच लायनीत शेवटच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांनी कपाटातलं एक जाडजूड निळं इंग्रजी पुस्तक बाबांना आणून दिलं, कुठल्या तरी जुन्या मॅनेजरनं मागे ठेवलेलं. "शंकर, साहेब असल्याच पुस्तकातून विचारतात," ते म्हणाले. सोबत त्यांची डिक्शनरीही दिली, पानाला थुंकी लावू नको असं बजावून. बाबांनी दोन्ही पुस्तकं माझ्यासमोर ठेवली.

"वाच."

"बाबा, मी इंग्रजीतच नापास झाली नं."

"मले मालूम हाये. तू नापास, म्या अनपढ. दोघं मिळून एक तरी पास होऊ."

तर असे आम्ही बसलो. रोज चारनंतर, ओट्यावर, मध्ये दोराचा एक तुटका तुकडा ठेवून. मी एक वाक्य वाचायची, अडखळत, प्रत्येक शब्दावर पाय ठेवून. अर्थ मला लागायचा नाही. मग मी नुसते शब्द सांगायची आणि बाबा त्यातला एखादा पकडायचे. स्ट्रँड म्हटलं की ते दोराचा पदर उचलून दाखवायचे. कोअर म्हटलं की गाभा. टक म्हटलं की त्यांचा लोखंडी टोचा दोन पदरांत घुसवून जागा करायचे आणि तिथे टोक खुपसून दाखवायचे. उस्तादानं हे शब्द तोंडातोंडी त्यांना दिले होते आणि ते लिहिलेले कसे दिसतात हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी कागदावर स्प्लाइस लिहून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढासाच हाये? मले वाटे मोठा असन." शाळेत मास्तर शब्द सांगायचे आणि आम्ही अर्थ पाठ करायचो. इथे वस्तू आधी हातात यायची, मग तिचं नाव. मला इंग्रजी आवडू लागलं, हे कबूल करायला त्या वयात मला लाज वाटायची.

आणि तिथेच मी घोळ घातला. मी शाळेच्या सवयीनं पुस्तक पहिल्या धड्यापासून धरलं होतं, आणि धड्याचं शीर्षक कधी वाचलं नव्हतं. आम्हाला शीर्षकावर प्रश्न येत नसे, म्हणून ते सोडून द्यायची खोड. पहिल्या धड्याच्या शीर्षकात एक अवघड शब्द होता, नॉटिकल. मी त्यावरून उडी मारून पुढे गेले. धड्यात चित्रं होती. दोन टोकं एकमेकांत घालायची, प्रत्येक पदर तीनदा वरखाली खुपसायचा, कापायचा, वरून घट्ट चिंधी गुंडाळायची, झालं. हातभर लांबीचा जोड. बाबा ज्या जोडाला पन्नास फूट दोर उसवायचे आणि अख्खा दिवस लावायचे, तो या चित्रात तासाभरात होत होता.

बाबांनी चित्र जवळ धरून पाहिलं. "एवढासाच जोड?"

"पुस्तकात आहे, बाबा."

"बरोबर वाचलं नं?"

"तीनदा वाचलं."

त्यांनी तुकड्यावर तो जोड करून पाहिला. झाला पक्का, पण उंदीर गिळलेल्या सापासारखा मध्येच फुगलेला. बाबा त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "माहा हात नाही म्हणते." मग स्वतःलाच हसले. "पण हात काय मॅट्रिक हाये?" आणि त्यांनी पुस्तकाप्रमाणे तालीम सुरू केली. वीस वर्षं ज्या हातांवर अख्खी खाण चालली त्यांच्यापेक्षा त्यांनी छापील कागद खरा मानला, तोही मी वाचलेला. महिनाभर रोज एक जोड. प्रत्येक जोडावर चिंध्या गुंडाळायच्या, त्यामुळे मायची जुनी लुगडी भराभर संपली. ट्रंकेच्या तळाची, पोतेऱ्याची, सगळी गेली. माय कुरकुरली नाही, आणि ती कुरकुरत नाही म्हणजे घाबरली आहे, हे आम्हाला ठाऊक होतं.

परीक्षेला बारा दिवस राहिले तेव्हा रविवारच्या बाजाराला बाबा वणीला निघाले. मलाही सोबत घेतलं, पुस्तक आणि डिक्शनरीही पिशवीत. गफूर उस्ताद तिथे मुलाच्या सायकल दुकानात बसायचे. बाबांना आपला नवा जोड त्यांना दाखवायचा होता, थोडी शाबासकीही हवी होती. उस्तादांची नजर गेली होती. त्यांनी जोड हातात घेतला, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. मग इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मुलानं पाणी आणून दिलं.

"शंकर, ये तूने कहाँ से सीखा?"

"पुस्तकातून, उस्ताद. पोरीनं वाचलं."

"बेटी, ये जहाज का जोड है," उस्ताद माझ्याकडे तोंड करून म्हणाले. "बरसों बाद हाथ में आया."

मी पुस्तक काढलं, ते शीर्षक वाचलं, आणि दुकानाच्या फळीवर बसून डिक्शनरीत तो अवघड शब्द शोधला. समुद्रावरचं, जहाजांचं, नाविकांचं. मग स्प्लाइस शोधला. तिथेही सगळ्यात आधी तेच होतं. हा मुळात खलाशांचा शब्द, त्यांनी दोर जोडता जोडता घडवलेला. मी मोठ्यानं मराठीत सांगितलं तेव्हा बाबा उस्तादांकडे बघतच राहिले. कारण त्यांना माहीतच नव्हतं की हा माणूस खाणीवर येण्याआधी जहाजावर होता. इतकी वर्षं एकत्र काम करून उस्तादांनी ते सांगितलं नव्हतं. दोर ओढायचा तर उस्ताद हाबेस म्हणायचे आणि सैल सोडायचा तर आरिया. बाबांना वाटे, ही उर्दू असेल. ती जहाजावरची बोली होती.

"काहून नाही सांगितलं, उस्ताद?"

"समंदर की बात करो तो वापस जाने को जी चाहता है," उस्ताद म्हणाले. "और घर में सात खानेवाले थे."

मग त्यांनी जोड बाबांच्या हातात ठेवला आणि त्यांचा अंगठा त्या फुगवट्यावर दाबून धरला. जहाजावर दोर बांधून ठेवायचा असतो, तो एका जागी राहतो, त्याला आखूड जोड चालतो, जाड झाला तरी कुणाचं बिघडत नाही. खाणीचा दोर चालतो, चाकावरून जातो, त्याला लांब जोड लागतो. हा जोड टबांच्या दोराला घातला असता तर पहिल्याच चाकाशी अडकला असता, तुटला असता, आणि सुटून खाली धावणाऱ्या टबांच्या वाटेत कोण उभं असेल ते सांगता येत नाही. "जो चलता है उस को लंबा जोड," उस्ताद म्हणाले. "तेरे हाथ को मालूम था ना?"

"मालूम होतं," बाबा म्हणाले.

राजूरच्या रस्त्यानं परत येताना मी रडत होते. सायकलवर पुढे बसलेली, म्हणून बाबांना दिसत नाही असं मला वाटत होतं. एक अवघड शब्द बघायचा आळस केला आणि बाबांचा महिना गेला, मायची लुगडी गेली, आणि पुढे काय गेलं असतं ते मनात आणवत नव्हतं. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"काहून रडून राह्यली वं?"

"माझ्यामुळे झालं."

"तुह्यामुळं समजलं," बाबा म्हणाले. "चूक तं माही हाये. मले माह्या हातावर भरोसा नव्हता. आता तू नीट वाच, म्या नीट करतो. बारा दिस हायेत."

मी पुढे बत्तीस वर्षं वर्गात गेल्यावर पहिल्या दिवशी पोरांना एकच गोष्ट सांगत आले, आधी शीर्षक वाचा. पोरं मला त्यावरून शीर्षकबाई म्हणायची. म्हणोत.

खाणींच्या दोराचा धडा पुस्तकाच्या मागच्या बाजूला होता. तो मी बारा दिवसांत शब्द न् शब्द उकलला. एकही शब्द डिक्शनरीत बघितल्याशिवाय सोडला नाही. आणि गंमत अशी की त्यात बाबांना नवीन असं काहीच नव्हतं. मी वाक्य अर्धं वाचायची आणि पुढचं अर्धं बाबा सांगायचे. तीन पदर या बाजूचे उसवा, तीन त्या बाजूचे, मग टोकाला टोक भिडवून एकमेकांत बसवा. याला उस्तादांची टोळी लगीन लावणं म्हणायची, आणि पुस्तकातही लग्नाचाच शब्द निघाला तेव्हा बाबांनी मायला हाक मारून ते ऐकवलं. "इंग्रजायतही लगीनच म्हणतात," ते म्हणाले. माय म्हणाली, "म्हणत असतीन. लुगडी फाडत नसतीन बायकोची." मी पुढचं पान उलटलं तर तिथे चिंधीचंही वाक्य होतं. टोक गाभ्याइतकं जाड होईपर्यंत त्याला सूत किंवा तसलंच काही मऊ गुंडाळावं. मी त्या पानात मोरपीस घालून ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी खाणीला सुट्टी होती. सकाळी बाबा टोचा, हातोडी, ग्रीसचा डबा घेऊन निघाले आणि दारात थांबले. चिंध्या नव्हत्या. ट्रंकेत होत्या त्या सगळ्या तालमीत संपल्या होत्या. बाबांनी मायकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. माय आत गेली. दोरीवरचं हिरवं लुगडं काढून आणलं, मामानं दिवाळीला घेतलेलं, अजून चांगलं धडधाकट. काठाला दात लावला आणि टर्रकन फाडलं. तो आवाज मला टबांच्या खडखडीपेक्षा मोठा वाटला. पट्ट्यांची गुंडाळी बाबांच्या हातात देऊन ती म्हणाली, "उशीर करू नका," आणि चुलीकडे वळली.

दुपारपर्यंत मी घरात पीठ मळत, वेळ ढकलत बसले. बारा वाजून गेले असतील, बाबांचा एक जोडीदार धावत आला. साहेबांनी काम थांबवलं होतं. पुस्तक घेऊन बोलावलं होतं, मला. माझ्या हाताला कणीक होती, ती तशीच. मी पुस्तक घेतलं आणि पळाले.

इंजिनघराच्या अंगणात दोर लांबच लांब पसरला होता आणि भोवती पंधरा-वीस माणसं उभी होती. साहेब उंच, चष्म्याचे, कडक इस्त्रीचे. त्यांच्या बोटांत मायच्या लुगड्याची हिरवी पट्टी होती. मशीनच्या दोरात बायकोची साडी भरतोस, हे कुठल्या नियमात बसतं, असं त्यांनी विचारलं होतं आणि दोघंतिघं हसलेही होते. बाबा खाली गुडघ्यावर बसलेले, टोचा पदरांत अडकवून धरलेला, कारण तो काढला तर अर्धं काम उलटलं असतं. ते एवढंच म्हणाले होते की लिहेलं हाये, माह्या पोरीनं वाचलं.

"तुम पढ़ोगी?" साहेबांनी विचारलं.

शाळेत मास्तरांनी उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. त्याच इंग्रजीत मी नापास झाले होते, आणि समोर वीस माणसं होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरून घाम उतरून डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. मी मोरपिसाचं पान उघडलं आणि वाचलं. आधी शीर्षक वाचलं, खाणींच्या फिरत्या दोरांबाबत, मग ते वाक्य. मध्ये कुठे थांबले नाही.

"मतलब?" साहेब म्हणाले.

मी वाकून दोराचा उघडा भाग दाखवला. इथला गाभा काढला. टोक गाभ्यापेक्षा बारीक आहे. तसंच बसवलं तर आत पोकळ राहील, वरचे पदर दबतील, टोक निसटेल. म्हणून जाड करायचं. हे सगळं मी कुठल्या भाषेत सांगितलं ते आठवत नाही, निम्मं वऱ्हाडी, निम्मं हिंदी, आणि मध्ये मध्ये बाबांचे इंग्रजी शब्द.

"किताब में साड़ी लिखा है?"

"सूत लिहिलं आहे साहेब. लुगडं सुताचंच असतं."

साहेबांनी पुस्तक माझ्याकडून घेतलं. पानावर माझी कणीक लागली होती. त्यांनी ते वाक्य वाचलं, मग उभ्या उभ्या सगळा धडा वाचला, आणि आम्ही सगळे त्यांचा चष्मा बघत उभे राहिलो. शेवटी त्यांनी ती हिरवी पट्टी बाबांच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "चलो, आगे करो." बाबांनी खांद्याला डोळे पुसले आणि काम सुरू केलं. मला कुणी जा म्हटलं नाही, मीही गेले नाही. हाबेस म्हटलं की माणसं ओढत, आरिया म्हटलं की सोडत. खलाशांचे शब्द, आणि समुद्र आमच्यापासून किती कोस लांब, तेव्हा मला धड सांगता आलं नसतं.

ऊन कलता कलता जोड पुरा झाला. आधी रिकामे टब फिरवले, मग भरलेले. दोर चाकावरून गेला, आला, पुन्हा गेला. मग दोर थांबवून बाबांनी साहेबांना उस्तादांची जुनी रीत सांगितली. डोळे मिटून दोरावरून अंगठा फिरवत चालायचं. जोड हाताला लागला तर तो उसवून पुन्हा करायचा. शिकत असताना बाबांनी असे कित्येक उसवले होते. साहेबांनी खरोखरच चष्मा काढला, डोळे मिटले आणि दोरावर अंगठा ठेवून ते इंजिनघरापासून चालू लागले. त्यांच्या पॅन्टला ग्रीस लागलं. ते अंगणाच्या पार टोकाशी गेले तरी थांबेनात.

"कहाँ है?" त्यांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही वलांडून गेले," बाबा म्हणाले. "मागं राह्यला."

त्या वेळी माणसं हसली ती वेगळं हसली. साहेबही हसले. जागेचा कागद यायला महिना लागला. कुळकर्णीबाबूंनी तो आमच्या दारात उभं राहून वाचला आणि बाबांनी मला पुन्हा एकदा वाचायला लावला, कारण आता आमच्या घरात वाचणारी मी होते. मायनं तुरीच्या वाळवून ठेवलेल्या सोल्यांचा भात केला, उस्तादांना वणीहून आणलं, आणि त्यांनी जेवता जेवता आम्हाला पहिल्यांदा समुद्राबद्दल सांगितलं. त्या ऑक्टोबरात मी इंग्रजीत काठावर का होईना पास झाले. त्यानंतर कधी नापास झाले नाही.

तारेचा दोर जन्मभर चालत नाही. काही वर्षांनी तो उतरवून भंगारात काढला, तेव्हा बाबांनी साहेबलोकांकडे एकच मागणं केलं, परीक्षेतल्या त्या जोडाचा हातभर तुकडा. तो घरी आणून ओट्यावर ठेवला आणि टोचा घालून पदर उचकले. मी तेव्हा बी. ए. ला होते, सुट्टीत आलेली. बाहेरून सगळं काळं, ग्रीसनं थबथबलेलं. पण आतल्या टोकावरून चिंधीचे वेढे सोडवत गेलं तसं सगळ्यात आतल्या वेढ्याला रंग निघाला. हिरवा. इतके हजार फेरे झाले, इतका कोळसा वर आला, आणि ती पट्टी विरलीसुद्धा नव्हती. बाबांनी ती पदरापासून सोडवली आणि मायच्या हातात दिली.

मायनं ती उजेडात धरली. दोन्ही हातांनी ताणून पाहिली. फाटली नाही.

"पाह्यलं?" ती मला म्हणाली. "म्या म्हनतच होती. अजून दोन वर्सं आरामात नेसली असती."